खिंडीला चौघं लागतात

उल्काने पार्किंगमध्ये भाड्याची गाडी लावली, बुटांच्या नाड्या करकचून आवळल्या, पाठीवर सॅक चढवली आणि मोठ्या रुबाबात पायवाटेच्या तोंडाशी आली. तिथली पाटी वाचली मात्र, सगळा रुबाब जागच्या जागी उतरला. पाटीवर अस्वलाचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं की थंडीच्या आधी ग्रिझली अस्वलं पोट भरायला याच उतारांवर फिरतात, तेव्हा चौघांपेक्षा कमी माणसांनी इथून पुढे जाऊ नये, आणि चौघांनी एकमेकांच्या हाताच्या अंतरावर चालावं.

उल्का एकटी होती.

"हे काय नवीन लफडं आहे बाप्पा!" ती पाटीलाच म्हणाली.

"नवीन नाय. दर फॉलला असतं," मागून आवाज आला. "वेबसाइटवर पण आहे."

मराठी! रॉकीजच्या या कोपऱ्यात, भुरभुर पावसात, अस्वलाच्या पाटीसमोर मराठी! ती गर्रकन वळली. उंच, सडपातळ तरुण, चष्म्याच्या काचांवर थेंब, हातात अस्वलाला पळवायच्या बेअर स्प्रेची बाटली. आणि तो ती बाटली उलटसुलट करून तिच्यावरची तारीख तपासत होता.

"तुम्ही मराठी?"

"वसईचा. म्हणजे… तिकडे पूर्वेला, एटोबिकोचा. लहान होतो तेव्हा आलो. मी डीन. तू?"

पहिल्याच वाक्यात 'तू'! नागपुरात असती तर उल्काने असा काही कटाक्ष टाकला असता, की समोरचा निमूट अहो-जाहोवर आला असता. पण या 'तू'मध्ये आगाऊपणा अजिबात नव्हता. तिला राग यायला हवा होता, तो आलाच नाही.

"उल्का. नागपूरची. आता कनाट्याला असते, तुमच्यापासून गाडीने पाच तासांवर, सॉफ्टवेअरमध्ये. आणि मला आज वर खिंडीत जायचंच आहे."

"जायचंच?"

"जायचंच."

त्याने बाटलीवरून नजर उचलली. आता इथे त्याच्या डोळ्यांचं वर्णन यायला हवं, पण ओल्या काचांमागे ते धड दिसत तरी होते का? तो हसला मात्र छान. आणि उल्काला उगाचच आपली माकडटोपी काढून खिशात घालावीशी वाटली.

"डीन! मिळाली का रे चौथी?" झाडाखालून एक ठेंगणीशी बाई छत्री सावरत धावतच आली. मागून पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ काठी टेकत आले. "मी जॉयस, याची मम्मी. आणि हा आर्थर, डॅडी. आम्ही तिघंच पडतो गो बाय! केव्हाची उभी आहोत. हा कुणाला विचारेल तर शपथ! विमानतळावर विमानांची इंजिनं तपासतो, पण माणसाशी बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप."

"मम्मी, प्लीज…"

"मग माझ्याशी कसे बोललात?" उल्काने विचारलं.

"तू पाटीशी भांडत होतीस," डीन म्हणाला. "पाटीला मराठी येत नाय. वाटलं, कुणीतरी उत्तर द्यावं."

झालं! चौघं जमली.

आता ही खिंड म्हणजे काय प्रकरण, ते सांगायला हवं. खाली दरीत सेंट व्हेरेना नावाचं एवढंसं गाव आहे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी रेल्वेवाल्यांनी इथले डोंगर दाखवायला स्वित्झर्लंडहून वाटाडे आणले. मागाहून त्यांची बायकापोरं आली. त्यांनी आपल्या मुलखासारखी उतरत्या छपरांची, नक्षीदार लाकडी गॅलऱ्यांची घरं बांधली, छोटं चर्च बांधलं, आणि वर खिंडीत पाहुण्यांना विसावा म्हणून एक दगडी झोपडी उभी केली. ती झोपडी अजून आहे. गेल्या वर्षी उल्का ऑफिसच्या लोकांबरोबर इथे आली होती. तळ्यापर्यंत सगळे हौसेने चढले. मग एकीच्या टाचेला फोड आला, दोघांना भूक लागली, कुणीतरी 'चला' म्हणालं, आणि उल्काही 'चला' म्हणाली. कुणी तिला ओढलं नव्हतं, तीच वळली होती. त्याचंच तिला वर्षभर लागून राहिलं.

कारण तिचं नेहमीच असं व्हायचं. कथक चार परीक्षांनंतर सुटलं. जर्मन भाषा अर्ध्यात राहिली. अनिश नावाच्या एका भल्या मुलाशी तर साखरपुडा झाला होता. तारीख पुढे गेली, फोन कमी झाले, आणि मोडलं असं न म्हणताच ते लग्न विरून गेलं. 'आमची उल्का म्हणजे आरंभशूर!' असं आई चारचौघांत हसत हसत सांगायची, आणि उल्का पण हसायची. यंदा तिने मनाशी ठरवलं होतं की ही एक गोष्ट पुरी करायची. सोमवारपासून बर्फामुळे वाट बंद होणार होती. म्हणजे हाच शेवटचा वीकेंड.

चालायला लागली तशी डीनने फर्मान काढलं की जो सगळ्यांत हळू चालतो त्याने पुढे राहायचं. त्यामुळे जॉयस आंटी पुढे, मग आर्थर अंकल, मग उल्का, आणि शेवटी डीन. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून सतत आवाज करायचा होता. आंटींनी वसईच्या लग्नातली गाणी सुरू केली. अंकलनी जुन्या रेडिओवरच्या थाटात मराठीतून क्रिकेटचं धावतं वर्णन लावलं. उल्का मध्येच ओरडायची, "ओ अस्वलभाऊ, बाजूला व्हा! नागपूरची पोरगी येऊन राहिली!"

मागून दबकं हसू यायचं.

"हसून काय राहिलात? तुम्ही पण ओरडा ना!"

"मी टाळ्या वाजवतो."

"टाळ्या? अस्वलाला वाटेल कार्यक्रम आवडला. परत येईल ते."

"येऊ दे. तू बोल त्याच्याशी," डीन म्हणाला. "तुझ्यासमोर ते पण गप्प बसेल."

लार्चची सुईसारख्या पानांची झाडं आता पिवळीजर्द झाली होती. ओल्या सुया खांद्यावर, केसांत, सगळीकडे पडत होत्या. एकदा डीनने मागून हात लांब करून तिच्या टोपीवरची एक सुई अलगद उचलली. ती थबकली. "टिक वाटली. किडा असतो ना… चावतो," तो गडबडून म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.  त्यानंतर हाताचं अंतर जरा कमीच झालं, आणि ते कुणी कमी केलं हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

तळं मागे पडलं. गेल्या वर्षीची जागा ओलांडताना उल्काने तिथल्या दगडाला जोरात टाच मारली. वर खिंड आता स्वच्छ दिसत होती. झोपडीचं छप्परही दिसत होतं.

"बसूया जरा," आंटी म्हणाल्या. "पोटात कावळे ओरडतात." त्या एका सपाट दगडावर बसल्या, त्यांनी सॅक उघडली… आणि थंडगार, निर्मळ डोंगरी हवेत असा एक घमघमाट सुटला की उल्काला क्षणभर कळेना आपण कुठे आहोत.

डीन ताडकन उभा राहिला. "मम्मी. ते काय आहे?"

"काय म्हणजे? जवळ्याची चटणी. ब्रेडबरोबर. तुला आवडते ना?"

सुका जवळा! ग्रिझलीच्या राज्यात, सुक्या कोळंबीची तेलात परतलेली चटणी! आणि बरणीचं झाकण सैल होऊन ते तेल सॅकभर, जॅकेटभर, आंटींच्या मफलरभर पसरलं होतं. डीनने सकाळी सगळ्यांच्या सॅक तपासल्या होत्या, एक मम्मीची सोडून. मम्मीची पिशवी तपासायची हिंमत त्या घरात कुणाची नव्हती.

"देवा रे!" अंकल हळूच म्हणाले. "ते बघा."

ओढ्यापलीकडच्या उतारावर, बरंच लांब, तपकिरी काहीतरी हललं. ते उभं राहिलं. नाक वर करून त्याने हवा हुंगली.

आणि इतका वेळ लाजणारा, बाटलीवरच्या तारखा वाचणारा तो मुलगा एकदम वेगळाच झाला. आवाज चढवला नाही, घाई केली नाही. "कुणी पळायचं नाही. डॅडी, मम्मीचा हात धर. सॅक माझ्याकडे दे. आता आपण खाली जायचं, बोलत बोलत." बरणी आणि मफलर त्याने दोन-तीन पिशव्यांत घट्ट बांधले. स्प्रेची टोपी काढून हातात धरली. उल्का त्याच्याकडे बघतच राहिली. भीती वाटायच्या जागी तिला त्याच्याजवळ उभं राहावंसं वाटत होतं.

पण खाली? म्हणजे… पुन्हा?

तेवढ्यात खालून कॅल्गरीच्या सहा कॉलेजवाल्यांचं टोळकं हाका मारत, गात वर आलं. एव्हाना अस्वलही झुडपात दिसेनासं झालं होतं. काय झालं ते ऐकून त्यांच्यातली एक मुलगी उल्काला म्हणाली, "तू येतेस का आमच्याबरोबर? वर जाऊन येऊ."

उल्काने खिंडीकडे पाहिलं. आणखी थोडा चढ, की झालं.

"जा," डीन म्हणाला. "तुझी खिंड आहे ती."

"आणि तुम्ही?"

"थांबू इथे. खाली उतरणारं कुणी आलं की त्यांच्याबरोबर जाऊ."

ती गेली तर मागे तिघंच उरत होते. आर्थर अंकलचा दुखरा गुडघा, जवळ्याने माखलेल्या आंटी, आणि झुडपात कुठेतरी ते नाक. आंटी दगडावर बसून डोळे पुसत होत्या. "माझ्यामुळे झालं गो सगळं. तू जा, बाय. आमच्यासाठी नको थांबू."

गेल्या वर्षी सगळे वळले म्हणून उल्का वळली होती. आज तिला वर न्यायला सहाजण तयार उभे होते, आणि काय करायचं हे तिलाच ठरवायचं होतं.  वाईट वाटलं तिला, खूप वाईट वाटलं, पण शंका अशी वाटलीच नाही.

"मी खाली येतेय," ती म्हणाली. "पण उद्या मी परत येणार. ऐकून ठेवा."

"उद्या बर्फ आहे," डीन म्हणाला.

"संध्याकाळी ना? सकाळ मोकळीच आहे."

उतरताना उल्काने आंटींची सॅक डीनकडून मागून आपल्या खांद्याला लावली, आणि आंटी तिचा हात सोडेनात.  तळ्याशी आल्यावर डीन म्हणाला, "तू जायला पाहिजे होतंस."

"आणि तुम्ही अस्वलाला पानं वाढली असती? जवळा, ब्रेड, वर लग्नाची गाणी?"

तो हसला. मग एकदम गंभीर झाला. "थँक यू, उल्का."

त्याने पहिल्यांदा तिचं नाव घेतलं होतं, आणि जरा जपूनच घेतलं होतं.

दुपारी पावसाने जोर धरला. अंकल-आंटी खोलीवर सॅक धूत बसले, आणि ही दोघं गावातलं म्युझियम बघायला गेली. म्युझियम कसलं, एका वाटाड्याचंच जुनं घर. भिंतीवर दोर, कुदळी, खिळ्यांचे बूट, आणि एक मोठा फोटो. गॅलरीत ओळीने उभ्या राहिलेल्या वाटाड्यांच्या बायका. खाली लिहिलं होतं की या बायका पाहुण्यांचे मोजे धूत, पाव भाजत, आणि नवरे येताना दिसतात का म्हणून गॅलरीतून खिंडीकडे बघत. त्यांतल्या बहुतेकींनी खिंड कधी चढून पाहिली नाही.

"काऊन पण?" उल्का उसळली. "रोज समोर दिसते, आणि जायचं नाही?"

"कुणी नेलं नसेल."

"कशाला न्यायला पाहिजे कुणी? आपले पाय नाहीत का?"

डीन तिच्या अगदी शेजारी उभा होता. बाहेर पन्हळीतून पाणी कोसळत होतं. "तू अशी बोलतेस ना…" तो म्हणाला.

"कशी?"

"काही नाय…" तो चष्मा पुसायला लागला. चष्मा स्वच्छच होता.

"डीन, इथे अस्वल नाहीये," ती हसू दाबत म्हणाली. "एवढ्या जवळ उभं राहायची गरज नाही."

"माहितीये," तो म्हणाला. आणि हलला नाही.

रविवारी सकाळी उल्का ठाम ठरवून आली होती की पाटीशी उभं राहायचं आणि येईल त्याला विचारायचं. लाजायचं नाही. पार्किंगमध्ये गाडी वळवली आणि तिने ब्रेक मारला. पाटीशी डीन उभा होता! एक गाडी आली की धावत जायचा, खिडकीशी वाकायचा, मान हलवून परत यायचा. परत दुसरी गाडी. नाक लाल झालेलं, आवाज बसलेला. काल याच पाटीशी आईने केव्हाचं सांगूनही ज्याने कुणाला हाक मारली नव्हती, तोच हा मुलगा!

"दोघं मिळाली," तिला बघताच तो म्हणाला. "रेजिना शहरचे आहेत, रिटायर्ड टीचर्स. नवरा-बायको. झाले चौघं."

"तुम्ही कधीपासून इथे आहात?"

"उजाडल्यापासून. मम्मी-डॅडी चर्चमध्ये मिस्साला गेलेत, मग इथेच येऊन थांबतील. संध्याकाळची फ्लाइट आहे, त्यामुळे वेळेत उतरायचं."

"सॅक तपासल्या?"

"सगळ्यांच्या," तो म्हणाला. "रेजिनाच्या काकूंची पण."

चढताना फार बोलणं झालं नाही. वारा बोचरा होता. रेजिनाच्या मास्तरीणबाई मोठमोठ्याने पाढे म्हणत होत्या, त्यांचे यजमान चुका काढत होते. तळं गेलं. कालचा दगड गेला. शेवटचा चढ निसरड्या दगडगोट्यांचा होता, एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली यायचं. उल्का दोनदा घसरली, गुडघा फुटला. डीनने हात पुढे केला. तो तिने घेतला, आणि मग सोडला नाही.

आणि… आली खिंड! इकडे सेंट व्हेरेनाची दरी, तिकडे दुसरी, तिसरी, डोंगरांमागे डोंगर. झोपडीला कुलूप होतं. तिच्या भिंतीआड मास्तर-मास्तरीणबाई थर्मास उघडून बसले. उल्का तशीच वाऱ्यात उभी राहिली. तिला हसू येत होतं आणि नाकही वाहत होतं.

"झालं?" डीनने विचारलं.

"झालं."

"बरं वाटतंय?"

"खूप." ती त्याच्याकडे वळली. "आता ऐक. आपण खाली उतरू. तू विमानात बसशील. मी कनाट्याला जाईन. आधी रोज मेसेज करू, मग वीकेंडला, मग ख्रिसमसला एक. आणि सुटून जाईल. मला माहिती आहे, माझ्या हातून असंच सुटतं. म्हणून आत्ताच सांगते. मला तू आवडतोस. गंमत म्हणून नाही. मला तू हवा आहेस."

अहो-जाहो कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

 वाऱ्याने त्याच्या जॅकेटची कॉलर फडफडत होती. उल्काने नजर खाली केली नाही.

"मी इंजिन तपासतो ना," तो अखेर म्हणाला, "तेव्हा खात्री झाल्याशिवाय सही करत नाय. लोक ओरडतात, लेट होतं म्हणून. तरी नाय करत."

"मग? वेळ पाहिजे तुला?"

"नको." त्याने दोन्ही हातमोजे काढले, तिचेही काढले, आणि तिचे गारठलेले हात आपल्या हातांत घेतले. "काल तू खाली वळलीस ना, तेव्हाच झाली खात्री. रात्रभर मी फक्त… कसं सांगायचं ते ठरवत होतो. सकाळी पण जमलं नाय. म्हणून गाड्या थांबवत होतो. तुला वर तरी आणता आलं असतं."

"वेडा आहेस."

"असेन. पण तुझ्या घरी? मी कॅथलिक, तू…"

"घरी मी सांगेन. आई आधी रडेल, बाबा ओरडतील, मग तुला जेवायला बोलावतील. तू दोनदा वाढून घे, म्हणजे झालं."

"आणि कनाटा, एटोबिको?"

"रस्ता आहे ना मधे?"

"आहे," तो म्हणाला. "विंटर टायर लावले की झालं. मी शुक्रवारी निघेन. दर शुक्रवारी." आणि तो वाकला आणि त्याने तिच्या थंड कपाळावर ओठ टेकले. भिंतीआडून मास्तरीणबाईंनी जोरात टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने विचारलं, "अस्वल आलं काय?" तर म्हणाल्या, "गप बस आणि चहा पी."

खाली पोचेपर्यंत पहिलं बर्फ भुरभुरायला लागलं होतं. पाटीशी अंकल-आंटी उभे होते. आंटींच्या हातात रोझरीची माळ होती, आणि नजर वाटेवर लागली होती.

"आली! आर्थर, आली बघ ती! पोचलीस काय गो वर?"

डीनने हात सोडवायचा प्रयत्न केला. उल्काने सोडला नाही. हातात हात तसाच ठेवून ती सरळ आंटींच्या समोर जाऊन उभी राहिली.

"पोचले, आंटी. आणि आणखी एक सांगायचं आहे. तुमचा मुलगा मला पाहिजे. कायमचा."

डीनला ठसका लागला. अंकलनी काठी या हातातून त्या हातात घेतली. आंटी एकदा दोघांच्या हातांकडे, एकदा उल्काच्या फुटलेल्या गुडघ्याकडे बघत राहिल्या.

"ऐकलंस, आर्थर? मी इथे थंडीत उभी राहून पोरीचे पाय शाबूत राहू दे म्हणून रोझरी म्हणतेय, आणि ही मला हे असं रस्त्यात सांगते!" त्यांनी माळ खिशात टाकली. "अगो, मग आधी नाय सांगायचं? काल तुझ्याकडून माझी सॅक उचलवून घेतली मी!"

आणि त्यांनी उल्काला जवळ ओढून तिच्या गारठलेल्या कानांवर आपले दोन्ही ऊबदार हात घट्ट दाबून धरले.